नदी, जंगल, हवा कुणाच्या ताब्यात द्यायची? ऑनलाइन कोर्सचा रिव्ह्यू

नैसर्गिक संसाधनांचा कारभार गावाने बघायचा, राज्याने, देशाने की सगळ्या जगाने मिळून, आणि त्याचा खर्च कुणाच्या माथी, यावरचा एक ऑनलाइन कोर्स नुकताच केला. पाचपैकी साडेतीन स्टार.

सुरुवात नेहमीचीच, पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनचा 1968 चा लेख, सामायिक कुरणात जो तो जास्त गुरं सोडणार आणि त्याची वाट लागणारच वगैरे, ते फास्ट-फॉरवर्ड केलंत तरी चालेल. खरी मजा एलिनॉर ऑस्ट्रम (2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल) आल्यावर येते, लोक स्वतःच नियम करून असं कुरण टिकवू शकतात हे दाखवणारी ती. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा 1517 चा नियम घेतलाय, हिवाळ्यात जेवढ्या गायी पोसू शकाल तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडायच्या, जास्त सोडल्या तर दंड, आणि दंडातला अर्धा हिस्सा तो वसूल करणाऱ्यालाच! मग तो कशाला डोळेझाक करेल? आणि गाय काही खिशात लपवता येत नाही, त्यामुळे मोजणीचा खर्च जवळपास शून्य. काय डोकं लावलंय राव.

पण सगळंच खाली सोपवून भागत नाही, हे धुराड्यांच्या लेक्चरमध्ये कळतं, तेवढ्यासाठी तरी कोर्स कराच. अमेरिकेत 1970 च्या कायद्यानंतर भर होता तो आसपासच्या हवेच्या रीडिंगवर, मग वीज कंपन्यांनी धूर कमी करण्यापेक्षा सरळ धुराडी उंच बांधली, इथलं रीडिंग पास आणि गंधक वाऱ्याबरोबर पार शेजारच्या राज्यांत, कॅनडापर्यंत, तिकडे आम्लपाऊस. इकडचा खर्च वाचला तो तिकडच्यांनी भरला. शेवटी 1990 च्या कायद्याने एकूण गंधकावर वरूनच मर्यादा घातली आणि गंधक सोडायचे परवाने विकता-घेता येऊ लागले, म्हणजे किती सोडायचं ते केंद्राने ठरवलं, पण कपात कुठे स्वस्त पडते ते ज्याचं त्याने बघायचं. कुठला निर्णय कुठल्या पातळीवर, हे इतकं क्लिअर मला आधी कधीच झालं नव्हतं.

दीड स्टार कापला तो पुढच्या भागासाठी. पातळ्या वाढल्या की बैठका, मोजमाप, भांडणं, कोर्टकचेऱ्या या सगळ्याचा खर्चही वाढतो ना, त्यावर सर दोन मिनिटं बोलले आणि पुढे पळाले. एकाच नदीवर चार खाती असतील आणि प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवत असेल तर काय करायचं, यावर अख्खं लेक्चर हवं होतं. गेम थिअरीचं (समोरचा काय करेल हे बघून आपण काय करायचं, त्याचं) गणितसुद्धा भरभर उरकलंय, नवख्याच्या डोक्यावरून जाईल.

क्विझ मात्र फारच बाळबोध, व्हिडिओ न बघता पास व्हाल.