तलवारीची पेटी: आधी बंद की उघडी ते ठरवा, मग लाकूड

दसऱ्याला पाटावर मांडायची आणि एरवी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवायची, अशी तलवार कोकणात बऱ्याच घरांत असते. ती माजघरात सगळ्यांना दिसेल अशी लावायची म्हटलं, की सुतार पहिल्यांदा विचारतो, सागवान की फणस? माझ्या मते हा दुसरा प्रश्न. पहिला, पेटी काचबंद हवी की उघडी?

उघडी म्हणजे मागे फळी आणि पुढे दोन आधार. काम थोडं, खर्च थोडा, आणि हात सहज पोचतो म्हणून पुसणं होतं. पण समुद्र जवळ असेल तर खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पात्यावर बसतं, ते ओल ओढून घेतं आणि गंज धरतो. पावसाळ्यात दर आठवड्याला पुसून तेलाचा हात फिरवणार असाल तरच हिच्या वाटेला जा. मुंबईला राहून गणपती-शिमग्याला येणाऱ्यांनी तर नकोच.

बंद पेटी धूळ आणि खारा वारा अडवते, पण आतली हवाही कोंडते. आमची पहिली पेटी आम्ही ऐन मृगात बंद केली. काचेला रबर, फटी बुजवलेल्या, सगळं झकास. गणपतीत उघडली तर मुठीलगत तांबूस ठिपके! दमट हवा आम्हीच आत भरली होती, वर लाकूड नीट सुकलेलं नव्हतं. लाकडातून आम्लाची वाफ सुटत असते, ताज्या लाकडातून जास्त. उघड्यावर ती उडून जाते, बंद पेटीत पोलादाला खाते. म्हणून पेटी बंद करायची ती जानेवारी-फेब्रुवारीत, पॉलिशचा वास पूर्ण गेल्यावर. खाली जाळीचा छोटा खण ठेवून त्यात ओल शोषणारं सिलिका जेल घाला. रंग बदलणारं घेतलं की कधी तापवून सुकवायचं ते कळतं.

आता लाकूड. सागवान वाकत-फुगत नाही, वाळवीला दाद देत नाही, पण महाग. फणस आपल्याकडचाच. पिवळाधमक लाकूड वर्षांगणिक तांबूस होत जातं आणि जुन्या मुठीशेजारी ते सागवानापेक्षा खुलतं. मात्र पुरतं सुकलेलं हवं, नाहीतर पावसाळ्यात झाकण अडकलंच. आंबा स्वस्त, पण त्याला कीड लवकर लागते, पेटीसाठी नको. प्लायवूडच्या डिंकातूनही वाफ येते. मी असतो तर पाडलेल्या घराच्या फणसाच्या तुळईतून फळ्या काढल्या असत्या. पन्नास पावसाळे पाहिलेलं लाकूड आता काय हलणार! खिळे तेवढे आधी शोधा, नाहीतर रंध्याचं पातं जाईल आणि सुताराची बोलणी खावी लागतील.

काच की ॲक्रिलिक? काच. ॲक्रिलिकवर पुसता पुसता ओरखडे येतात.

आत मखमल डोळ्यांना छान दिसते, पण ओल धरते. धुतलेलं पांढरं सुती कापड बरं. म्यान शेजारी ठेवा, तलवार त्यात नको. चामडं आणि आतलं लाकूड दोन्ही दमट होतात. पेटी पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. पावसाचा मारा तिकडूनच, आणि भिंतीचा जांभा दगड पाणी पितो. आतल्या भिंतीवर लावली तरी मागे पट्ट्या मारून इंचभर फट सोडा.

धारदार पातं ९ इंचांहून लांब असेल तर ते १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या नियमांत शस्त्र ठरतं, तेव्हा परवान्याचं काय ते पोलीस ठाण्यात आधीच विचारा.

पात्याला खोबरेल लावायची आपली सवय सोडा, ते चिकट होऊन बसतं. शिलाई मशीनचं तेल पातळसं लावा. आणि खंडेनवमीचं कुंकू त्याच संध्याकाळी पुसा, पेटी बंद करायच्या आधी.