उप्पाल: दोन सेमिस्टर वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

थर्ड इयरला थिअरी ऑफ कम्प्युटेशन शिकवताना दरवर्षी एक प्रश्न येतोच, "सर, हे गोल आणि बाण काढून पुढे नक्की करायचं काय?" इतकी वर्षं मी कंपायलर, रेग्युलर एक्स्प्रेशन वगैरे सांगायचो, पोरं मान डोलवायची, पण पटलेलं नसायचं ते चेहऱ्यावर दिसायचं. गेली दोन सेमिस्टर मी त्यांच्यासमोर उप्पाल हे मॉडेल तपासणारं टूल उघडतो. त्याबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं, कारण मराठीत यावर कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि हे टूल आपल्याकडच्या एम्बेडेडवाल्यांनी (म्हणजे यंत्रांच्या आत बसणारे कंट्रोलर बनवणाऱ्यांनी) एकदा तरी हाताळावं असं मला मनापासून वाटतं.

आधी हे आहे काय ते. स्वीडनमधलं उप्साला विद्यापीठ आणि डेन्मार्कमधलं आल्बोर्ग विद्यापीठ, दोघांनी मिळून केलं म्हणून नावाचे तुकडे जोडून उप्पाल. पहिली आवृत्ती 1995 ची. किम लार्सन, पॉल पेटरसन आणि वांग यी ही त्यामागची मुख्य मंडळी, आणि पायाला आहे राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांनी मांडलेली टाइम्ड ऑटोमॅटाची थिअरी (त्यांचा मोठा पेपर 1994 चा, अलूर आपल्या आयआयटी कानपूरचे). म्हणजे नेहमीचा फायनाइट ऑटोमॅटाच (गोल म्हणजे अवस्था, बाण म्हणजे एकीतून दुसरीत जायची वाट), फक्त त्याला घड्याळं जोडलेली, सगळी घड्याळं एकाच वेगाने पुढे जातात, हवं तेव्हा एखादं शून्यावर आणता येतं, आणि बाणावर अट लिहिता येते की अमुक घड्याळ पाचच्या पुढे गेलं असेल तरच इथून जा. बस, एवढंच. पण एवढ्याने सिग्नल, लिफ्ट, डेटा बसवरचे (उपकरणांना जोडणाऱ्या तारेवरचे) प्रोटोकॉल, जिथे जिथे "किती वेळात" हा प्रश्न आहे ते सगळं कागदावर उतरवता येतं आणि मग मशीनला विचारता येतं की यात गडबड कधीच होणार नाही ना.

याआधी वर्गात जेफ्लॅप वापरत होतो, ऑटोमॅटा काढून चालवायचं टूल, ड्यूक विद्यापीठातलं, आणि ते आजही वापरतो. एनएफएचा डीएफए (फायनाइट ऑटोमॅटाचेच दोन प्रकार) करून दाखवायचा, पुशडाउन ऑटोमॅटा पायरीपायरीने चालवायचा, ट्युरिंग मशीन, त्याला तोड नाही. पण त्यात वेळ नाही आणि दोन मशीन एकमेकांशी बोलतात हा प्रकारही नाही. स्पिन पण बघितलं, तेही मॉडेल तपासणारंच, बेल लॅब्समधल्या होल्झमन यांचं, ताकदीचं टूल आहे, फक्त तिथे मॉडेल प्रोमेला या त्याच्या भाषेत टाइप करून लिहायचं, आणि खरा वाहता वेळ त्याच्या मूळ रचनेत नाही. आमच्या पोरांना चित्र लागतं.

उप्पालमध्ये तीन टॅब महत्त्वाचे. एडिटरमध्ये गोल आणि बाण काढायचे, सिम्युलेटरमध्ये एकेक पाऊल टाकत चालवून बघायचं, आणि व्हेरिफायरमध्ये प्रश्न विचारायचा. एडिटरमध्ये बाणावरची अट हिरवी, चॅनलचं (ज्यावरून ऑटोमॅटा एकमेकांना निरोप देतात त्याचं) नाव फिकट निळं, अपडेट (त्या बाणाने जाताना काय बदलायचं ते) गडद निळं, हे रंग एकदा डोळ्यात बसले की दुसऱ्याचं मॉडेलही भराभर वाचता येतं. प्रश्न विचारायची भाषा छोटी आहे: ए आणि पुढे चौकोनी कंस म्हणजे "कुठल्याही वाटेने गेलं तरी कायम", ई आणि पुढे <> म्हणजे "एखादी तरी वाट अशी आहे का". उत्तर हो असेल तर प्रश्नापुढचा दिवा हिरवा, नाही तर लाल. वर्गात प्रोजेक्टरवर तो दिवा लाल झाला की मागच्या बाकावरचे पण मान वर करतात.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यामुळे मी या टूलच्या प्रेमात पडलो. फायनल इयरच्या चार जणांच्या ग्रुपने सोसायटीच्या पाण्याच्या मोटरचा कंट्रोलर केला होता. खालची टाकी, गच्चीवरची टाकी, दोन्हीत पाण्याची पातळी सांगणारा फ्लोट, ऑटो आणि मॅन्युअलचं बटण, आणि मुख्य म्हणजे खालची टाकी रिकामी झाली की मोटर बंद व्हायला हवी, नाहीतर कोरडी चालून जळते. पाणी हलतं तसा फ्लोट वरखाली होतो, म्हणून पोरांनी बरोबर विचार केला होता की फ्लोट सलग पाच सेकंद "रिकामी" म्हणाला तरच मोटर बंद करायची, आणि रिलेला (मोटर चालूबंद करणाऱ्या स्विचला) एक सेकंद धरा. म्हणजे मोटर जास्तीत जास्त सहा सेकंद कोरडी चालेल. बोर्डवर टेस्ट केलं, दर वेळी बरोबर बंद झाली. मी म्हटलं ठीक आहे, आता हेच उप्पालमध्ये काढा.

तीन ऑटोमॅटा काढले: कंट्रोलर, टाकी, आणि बटण दाबणारे वॉचमन काका. दोन घड्याळं. एक कंट्रोलरचं, त्याला पोरांनी टायमर म्हटलं, आणि एक आम्ही बाहेरून मोजायला ठेवलं, त्याचं नाव कोरडं. टाकी रिकामी झाली त्या क्षणी दोन्ही शून्य. प्रश्न विचारला: मोटर चालू आणि टाकी रिकामी असताना कोरडं कायम सहाच्या आत आहे ना?

हिरवा! पोरं खूश. मला मात्र शंका आली, इतकं पटकन? मी त्यांना म्हटलं आता ई लावून विचारा, टाकी रिकामी होते का कधी तरी. लाल. म्हणजे आमच्या मॉडेलमध्ये टाकी कधी रिकामीच होत नव्हती, मग मोटर कोरडी चालणार कशी! कारण असं की उप्पालमधलं साधं चॅनल म्हणजे हस्तांदोलन आहे, पाठवणारा आणि घेणारा दोघं एकाच वेळी तयार असतील तरच पाऊल पडतं, आणि कंट्रोलर "रिकामी" हा निरोप घ्यायला तयारच नव्हता, पोरांनी तो बाण चुकीच्या गोलावरून काढला होता. टाकी बिचारी निरोप हातात धरून उभी. खरा फ्लोट कुणी ऐकतंय का याची वाट बघत नाही, म्हणून तिथे ब्रॉडकास्ट चॅनल हवं, त्यात घेणारा असो नसो पाठवणारा पुढे जातो. ही चूक प्रत्येक नवीन माणूस करतो आणि टूल याबद्दल अवाक्षर काढत नाही, हा माझ्या मते उप्पालचा सगळ्यात मोठा दोष. त्यामुळे आमच्याकडे आता नियमच आहे, सुरक्षेचा प्रश्न विचारायच्या आधी प्रत्येक गोलाबद्दल ई लावून विचारायचं की इथे पोचता येतं का.

चॅनल आणि बाण दुरुस्त करून परत विचारलं. लाल. ऑप्शन्समध्ये जाऊन डायग्नोस्टिक ट्रेस (गडबडीपर्यंत कसं पोचलो ती वाट) "शॉर्टेस्ट" ठेवला होता, त्यामुळे सगळ्यात छोटी वाट सिम्युलेटरमध्ये आली आणि आम्ही पाचही जण त्या लॅपटॉपवर वाकून ती वाचायला लागलो. मोटर चालू, टाकी रिकामी, काकांनी बटण दाबलं, मग मोटर चालूच, आणि कोरडं सहाच्या पुढे. पण का? उत्तर बाजूच्या खिडकीत होतं. सिम्युलेटर घड्याळाचा एकच आकडा दाखवत नाही, तो शक्य असलेल्या वेळांचा अख्खा पट्टा दाखवतो, आणि घड्याळांमधला फरक पण. बटण दाबायच्या आधी लिहिलं होतं कोरडं आणि टायमर सारखे. बटण दाबल्यानंतर लिहिलं होतं, कोरडं वजा टायमर पाचपर्यंत काहीही. दोन्ही घड्याळं एकाच क्षणी सुरू झालेली, एकाच वेगाने चालणारी, मग त्यांच्यात फरक पडलाच कसा? कुणीतरी मधेच टायमर शून्य केला म्हणून! एका पोरीच्या लगेच लक्षात आलं, मोड बदलला की त्यांचा कोड इनिशियलाइजचं (सगळं सुरुवातीसारखं करणारं) फंक्शन परत बोलवत होता आणि त्यात टायमरही शून्य होत होता. म्हणजे काकांनी दर चार सेकंदांनी बटण दाबलं तर मोटर जळेपर्यंत कोरडी चालणार. आणि कंट्रोलरवरचा दिवा लुकलुकायला लागला की माणूस पहिलं काय करतो तर बटण दोनचार वेळा दाबून बघतो, आमच्या सोसायटीत रोज बघतो मी. बोर्डवर टेस्ट करताना नेमकं त्या पाच सेकंदांत कुणी बटणाला हात लावला नव्हता, म्हणून ते कधी दिसलंच नाही.

कोडमधली एक ओळ हलवली, मॉडेलमधला एक अपडेट काढला, परत विचारलं, हिरवा, आणि या वेळी तो हिरवा खरा होता.

हे काही आमच्या कॉलेजपुरतं नाही. 1997 चं एक गाजलेलं काम आहे, बँग अँड ओलुफसेन या डॅनिश ऑडिओ कंपनीच्या प्रोटोकॉलचं, सुमारे 2800 ओळींचा असेंब्ली कोड, दहा वर्षांहून जास्त काळ वापरात, आणि मधूनमधून मेसेज हरवतात हे कंपनीला माहीत होतं पण नेहमीच्या टेस्टिंगने कारण सापडत नव्हतं. उप्पालने चुकीपर्यंतची वाट काढून दिली, दुरुस्ती केली, आणि ती दुरुस्ती बरोबर आहे हेही त्याच टूलने तपासलं. हे वाचलं होतं मी आधी, पण मोटरवाला प्रसंग घडेपर्यंत ते मला आतून कळलं नव्हतं.

त्रास पण सांगतो. मॉडेलमध्ये एकेक ऑटोमॅटा वाढवत गेलं की स्टेट्सची (शक्य अवस्थांची) संख्या गुणाकाराने वाढते आणि साध्या लॅपटॉपची मेमरी भसाभस संपते, तिथे इलाज एकच, मॉडेल लहान करा, नको ते तपशील काढा, आणि हे शिकायला वेळ लागतो. घड्याळाची तुलना पूर्णांकाशीच करायची, अडीच सेकंद हवे असतील तर सगळीकडे एकक बदलून अर्धा सेकंद धरा. साध्या इंटची (पूर्णांक ठेवायच्या व्हेरिएबलची) मर्यादा 32767, ती ओलांडली की तपासणी मधेच एरर देऊन थांबते. मराठी तर सोडाच, सोप्या इंग्रजीतलं समजावून सांगणारं साहित्य पण कमी, जे आहे ते पेपर वाचायची सवय असलेल्यांसाठी. शिकण्या-शिकवण्यासाठी फुकट आहे, कंपनीत कामासाठी वापरायचं तर पैसे देऊन लायसन्स घ्यावं लागतं, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांनी ऑफिसच्या प्रोजेक्टवर परस्पर वापरू नका.

शक्यतांचा हिशोब हवा असेल, म्हणजे शंभर सेकंदांत अमुक होण्याची शक्यता किती, तर त्यासाठी यातच स्टॅटिस्टिकल मॉडेल चेकिंगचा भाग आहे, तो मी थोडाच वापरलाय म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

नवीन असाल तर सोबत येणारा ट्रेन-गेटचा डेमो उघडा. एकेरी रुळाचा पूल, सहा गाड्या, गाडी जवळ आल्याचा निरोप दिल्यापासून दहा एककांच्या आत थांबवली तर थांबते, नंतर नाही. दोन गाड्या एकदम पुलावर कधीच नाहीत हा प्रश्न तयारच आहे, तो हिरवा येतो. मग गेटच्या ऑटोमॅटात एका गोलात सी लिहिलेलं दिसेल, म्हणजे इथे वेळ थांबलेला, लगेच पुढचं पाऊल टाकायचं. त्यावर डबल क्लिक करून कमिटेडची खूण काढा आणि परत विचारा. लाल येईल. आता तो ट्रेस उघडून बघा, गेट थांबायचा निरोप द्यायला किती वेळ रेंगाळलं आणि तेवढ्यात दुसरी गाडी कुठे पोचली ते.