केबल मशीन की रबरी बँड, खांद्यासाठी काय बरं?
खांदा दुखावल्यावर मी दोन्ही वापरलंय म्हणून सांगतो. बँड जितका ताणाल तितका जड होत जातो, म्हणजे सुरुवातीला लोड जवळपास नाहीच आणि शेवटी, जिथे खांदा बऱ्याचदा कच्चा असतो, तिथेच जास्त ओढ बसते. केबल मशीनवर, म्हणजे जिममधल्या पुलीवरून तारेने वजन ओढायच्या यंत्रावर, वजन पूर्ण हालचालीत साधारण सारखंच राहतं, पुली वर-खाली सरकवून हव्या त्या दिशेने खेचता येतं आणि आज किती किलो केलं ते नेमकं कळतं, रिहॅबमध्ये हे फार महत्त्वाचं आहे हो! फक्त पुली 2:1, म्हणजे वजन अर्धं करणारी, असेल तर 20 किलोला पिन लावली तरी हाताला 10च जाणवतात. बँड बॅगेत मावतो, पण चिरा दिसल्या की लगेच बदला. अगदी सुरुवातीला फिजिओने दिलेला हलका बँड, ताकद आली की माझं मत केबललाच.