१.८ किलोच्या ‘इपॉक्सी’ सर्फबोर्डात नेमकं काय निघालं

जाहिरातीत लिहिलं होतं: लांबी ६ फूट, घनफळ ३२ लिटर, वजन फक्त १.८ किलो, पूर्ण इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन), डेकवर म्हणजे उभं राहायच्या वरच्या बाजूला ६ अधिक ४ औंस ग्लास कापड (औंस म्हणजे चौरस यार्ड कापडाचं वजन), तळाला ६ औंस. बडोद्यातल्या चार मुलांनी मिळून असे चार बोर्ड मागवले. प्रत्येकी ३२,००० रुपये, ट्रान्सपोर्टचं भाडं वेगळं. गोवा आणि कर्नाटकातल्या मुल्कीच्या लाटांवर एकच हंगाम गेला आणि चारही बोर्ड डेकवर टाचेच्या पोच्यांनी भरले. दोन बोर्डांचा पापुद्रा सुटला, म्हणजे वरचं कवच आतल्या गाभ्यापासून वेगळं झालं, एक मधोमध दुमडला. विक्रेत्याने हात वर केले. त्यानंतर ते बोर्ड मकरपुऱ्यात आमच्याकडे कापून तपासायला आले. रेझिन आणि ग्लासचं काम रोज करणाऱ्याला यात काय दिसलं ते इथे सविस्तर मांडतो आहोत, कारण बडोद्याहून समुद्र लांब, बोर्ड हातात घेऊन बघायला दुकान नाही, आणि फोटोवरून खरेदी करणारी मुलं दरवर्षी वाढतायत.

मुळात ती जाहिरातच स्वतःला खोटी पाडत होती. वजनाचा हिशेब करून बघा. इपॉक्सी बोर्डाचा गाभा बहुतेक वेळा ईपीएसचा, म्हणजे आपल्या थर्माकोलचाच असतो, फक्त चांगल्या घनतेचा. ३२ लिटर गाभा १६ किलो प्रति घनमीटर घनतेचा असेल तर त्याचं वजन सुमारे ५१० ग्रॅम, २४ चा असेल तर ७७०, ३२ चा असेल तर १,०२० ग्रॅम. आता कापड. ४ औंसचं कापड म्हणजे चौरस मीटरला साधारण १३६ ग्रॅम, ६ औंसचं साधारण २००. या मापाच्या बोर्डाला, रेलवरून, म्हणजे बाजूच्या कडेवरून, वळवलेला भाग धरून, एका थराला ०.८ चौरस मीटर कापड लागतं. हाताने लावलेल्या कामात कापडाएवढंच रेझिन जातं. म्हणजे ४ औंसचा एक थर २२० ग्रॅमच्या आसपास, ६ औंसचा ३२० ग्रॅम. जाहिरातीतले तीन थर मिळून ८६० ग्रॅम. वरचा रेझिनचा हात ३०० ग्रॅम, फिन बॉक्स (तळाचे पंख बसवायचे खाचे) आणि लीश प्लग (पायाची दोरी अडकवायची जागा) १७०, मधली लाकडी पट्टी ११० च्या घरात. सगळ्यात हलका गाभा घेतला तरी बेरीज १,९५० ग्रॅम होते, आणि यात रंग धरलेला नाही. मग १.८ किलो आले कुठून?

बोर्डाचं वजन खरंच १.८ किलो होतं. काट्यावर ठेवून मुलं खूश झाली, कारण विक्रेत्याने सांगितलेलं वजन तंतोतंत जुळलं. खोटं होतं ते कापड.

डेकच्या कवचाचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापून भट्टीत रेझिन जाळलं. रेझिन जळतं, काच राहते. जाहिरातीप्रमाणे ३.३६ ग्रॅम काच उरायला हवी होती. उरली १.४ ग्रॅम, म्हणजे ४ औंसचा एकच थर. तळालाही तेच. गाभ्याचा १०० घनसेंटिमीटरचा ठोकळा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवला तर १.६ ग्रॅम, म्हणजे १६ ची घनता. बांधकामासाठी आयएस ४६७१ या भारतीय मानकाप्रमाणे थर्माकोल १५, २०, २५, ३०, ३५ अशा घनतांत मिळतो. बोर्डात वापरला होता तो यातल्या सगळ्यात खालच्या पायरीच्या जवळचा माल. कापडातून वाचवलेल्या वजनातला काही भाग पुट्टी आणि जाड पांढऱ्या रंगात गेला होता. हा रंग शोभेसाठी नव्हता. पारदर्शक कवचातून कापडाची वीण, दुमड, आत अडकलेली हवा, सगळं दिसतं. रंगाखाली काहीच दिसत नाही. चारपैकी एक बोर्ड तर वापरलेलाच होता. फिन बॉक्सपाशी जुनी चीर पुट्टीने बुजवून वरून रंग मारला होता आणि गाभ्यात आधीच पाणी होतं.

बाजारात नेमकं काय विकलं जातं हे इथे स्पष्ट सांगायला हवं. बोर्डासाठी वापरलं जाणारं दुसरं रेझिन म्हणजे पॉलिएस्टर. त्यात स्टायरीन नावाचं द्रावक असतं आणि ते थर्माकोल विरघळवतं, म्हणून ईपीएस गाभ्यावर इपॉक्सीच लावावं लागतं. ५ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेतली क्लार्क फोम ही सर्फबोर्डांसाठी पॉलियुरेथेन फोमचे गाभे पुरवणारी मोठी कंपनी अचानक बंद झाली आणि त्यानंतर ईपीएस-इपॉक्सीकडे वळणाऱ्या कारागिरांची संख्या खूप वाढली. इपॉक्सी पॉलिएस्टरपेक्षा चिवट आहे, ताण जास्त सोसतं, चिकटतंही चांगलं. पण रेझिन स्वतः भार पेलत नाही, भार काच पेलते. एका थराच्या इपॉक्सी डेकपेक्षा दोन थरांचा साधा पॉलिएस्टर बोर्ड पोच्यांपुरता जास्त टिकतो. ‘इपॉक्सी आहे म्हणजे मजबूत’ या एका वाक्यावर ही सगळी विक्री चालते.

पोचा का पडतो? उभं राहताना टाचेखालच्या रुपयाएवढ्या जागेवर जवळजवळ सगळं वजन येतं. कवच ते आजूबाजूला पसरवतं आणि खालचा गाभा दाब घेतो. ईपीएसची घनता दुप्पट केली की दाब सोसण्याची ताकद दुपटीहून थोडी जास्तच वाढते. उलट, गाभाही हलका आणि कवचही एकपदरी असलं की कवच वाकतं, खालचे दाणे चेपले जातात आणि परत वर येत नाहीत. कवच मात्र थोडं वर येतं. मधे पोकळी राहते, आणि पापुद्रा सुटायला सुरुवात होते ती तिथेच. पोच्याच्या कडेला केसाएवढ्या चिरा पडतात, त्यातून पाणी शिरतं. पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोलचं प्लॅस्टिक, स्वतः पाणी पीत नाही, पण साबुदाण्यासारखे दाणे एकमेकांना चिकटलेले असतात त्यांच्या मधल्या फटींतून पाणी पसरतं, आणि घनता जितकी कमी तितक्या या फटी मोठ्या.

यानंतरचा भाग आम्हाला सगळ्यात वाईट वाटला. बोर्डाबरोबर ‘मोफत रिपेअर ट्यूब’ दिली होती, उन्हात धरली की घट्ट होणारी. ती पॉलिएस्टरची निघाली. मुलांनी चिरेत भरली, आणि स्टायरीनने आतला थर्माकोल खाऊन टाकला. वरून चकचकीत ठिगळ, खाली लिंबाएवढी पोकळी. त्यावर विक्रेत्याचं उत्तर आलं की चुकीच्या दुरुस्तीमुळे वॉरंटी संपली. बडोद्यातल्या वाचकांनी हे नीट लक्षात ठेवावं: टाक्या, पत्रे, गाडीचे बंपर दुरुस्त करणारी आपल्याकडची बहुतेक एफआरपी (फायबरग्लास) दुकानं पॉलिएस्टरच वापरतात. त्या रेझिनचा उग्र वास ओळखीचा असतो. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याच्या सवयीच्या डब्याने ईपीएस बोर्डाचं वाटोळं होईल. दोन भागांचं इपॉक्सी आहे, मिसळण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं आहे आणि ते मोजून घेतलं जातंय, एवढं स्वतः उभं राहून बघा. इपॉक्सीत हार्डनर जास्त टाकून काम लवकर होत नाही, जोड कच्चा राहतो.

पापुद्रा सुटलेल्या दोन बोर्डांबद्दल विक्रेता म्हणाला, ‘गाडीत तापला असेल.’ हे अर्धं खरं आहे. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२ च्या पुढे जातो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीत ६० सहज ओलांडतो. साध्या खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी ५० ते ६० अंशांनंतर मऊ पडू लागतं. २५ वरून ६५ अंशांवर गेल्यावर गाभ्यातली हवा सुमारे १३ टक्के फुगायला बघते आणि जिथे जोड कच्चा तिथे कवच उचलते. म्हणूनच चांगल्या ईपीएस बोर्डाला हवा सोडणारा व्हेंट असतो, आणि बनवणारा बोर्डाला तासन्‌तास उबेत ठेवून रेझिन पक्कं करतो. या चारांपैकी एकालाही व्हेंट नव्हता. बोर्ड उन्हात ठेवू नका हे खरंच, पण व्हेंट न देता उन्हाला दोष देणं ही लबाडी आहे.

हलका आणि टिकाऊ बोर्ड बनतो. पातळ पीव्हीसी फोम किंवा लाकडाचा थर व्हॅक्यूमने दाबून, कार्बनच्या पट्ट्या घालून बनतो, आणि त्याची किंमत त्याप्रमाणे असते. तो बनवणारा थरांचा हिशेब विचारल्यावर लगेच देतो. म्हणून पैसे देण्याआधी गाभ्याची घनता, प्रत्येक बाजूच्या कापडाचं वजन आणि थर, रेझिनचं नाव, व्हेंट आहे की नाही, आणि रंग मारण्याआधीचा फोटो, एवढं लेखी मागा. उत्तर आलं की वरची बेरीज स्वतः करा. बेरीज सांगितलेल्या वजनापेक्षा जास्त भरली तर व्यवहार तिथेच सोडा.

पार्सल आलं की सलग व्हिडिओ काढत उघडा आणि सामान तोलायच्या हुकच्या काट्यावर वजन घ्या. डेकवर नाण्याने ओळीने टकटक करत जा. आवाज कोरडा आणि एकसारखा हवा, भद्द वाजला तिथे पापुद्रा सुटलेला आहे. अंगठ्याने मध्यम जोराने दाबलं आणि डेक दबला तर कवच पातळ आहे. फिन बॉक्स आणि लीश प्लगच्या कडेला बॅटरीचा झोत तिरका मारा, पुट्टीचा उंचवटा सावलीत दिसतो. वापरलेल्या बोर्डाचं वजन मूळ वजनापेक्षा २०० ग्रॅम जास्त असेल तर आत जवळपास २०० मिलिलिटर पाणी आहे असं धरा. तो वाळवायचा असेल तर उन्हात नको. ओल्या भागाच्या खालच्या टोकाला छोटं भोक, भोक खाली करून सावलीत पंख्याखाली, आणि वजन रोज लिहायचं. काटा सलग स्थिर राहिला की मगच इपॉक्सीने बंद.

तक्रारीसाठी या मुलांकडे उपयोगी पडलं ते जाहिरातीचं स्क्रीनशॉट, बिल आणि जळलेल्या तुकड्याचं वजन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, त्यामुळे विक्रेता दुसऱ्या राज्यात बसला असला तरी दावा वडोदरा जिल्ह्यात लावता येतो. मुदत २ वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, पुष्कळ विक्रेते तेवढ्यावरच बोलायला येतात. ॲडव्हान्स घेऊन माणूस गायब झाला असेल तर तो वेगळा गुन्हा आहे, त्यासाठी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन लावा. बिल न घेता कुणा खासगी माणसाकडून जुना बोर्ड घेतला असेल तर ग्राहक आयोगाचा उपयोग होत नाही. आणि निकाल लागेपर्यंत बोर्ड दुरुस्तही करू नका, टाकूनही देऊ नका. कापलेले तुकडे तारीख आणि वजन लिहून वेगळ्या पिशव्यांत ठेवा.