नवऱ्याच्या पीआरसाठी भरलेले सरकारी शुल्क : दीड वर्षानंतरचा अनुभव

मी कॅनडाची स्थायी रहिवासी (म्हणजे ‘पीआर’) असून ऑन्टारियोत राहते. लग्नानंतर नाशिकलाच असलेल्या नवऱ्याला पती-पत्नी प्रायोजकत्वाच्या मार्गाने इकडे आणण्यासाठी आम्ही ऑगस्ट २०२४ मध्ये अर्ज केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो स्थायी रहिवासी म्हणून टोरांटोच्या विमानतळावर उतरला. लग्नाचे फोटो किती जोडायचे, गप्पांचे पुरावे कोणते द्यायचे, यावर सल्ला देणारे आम्हाला पुष्कळ भेटले. परंतु पैसे नेमके कशाचे आणि केव्हा भरायचे, यावर ‘हजार-बाराशे डॉलर लागतात’ यापलीकडे कोणी काही सांगत नसे. म्हणून हा अनुभव केवळ पैशांपुरता लिहिते आहे.

आम्ही अर्ज केला तेव्हा लागू असलेले दर ३० एप्रिल २०२४ पासूनचे होते. प्रायोजकत्वाचे शुल्क ८५ डॉलर, मुख्य अर्जदाराच्या, म्हणजे नवऱ्याच्या, अर्जावरील प्रक्रियेचे शुल्क ५४५ डॉलर आणि स्थायी निवासाच्या हक्काचे शुल्क, ज्याला इकडे सगळे ‘आरपीआरएफ’ म्हणतात, ते ५७५ डॉलर. एकूण १,२०५ कॅनेडियन डॉलर. तेव्हाच्या दराने ही रक्कम त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर हजार रुपयांच्या घरात जात होती. बायोमेट्रिक्सचे, म्हणजे बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्याचे, ८५ डॉलर यात धरलेले नसतात, ते वेगळे भरावे लागतात, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या हिशोबातून सुटते. त्याच वर्षी एप्रिल संपण्याआधी अर्ज केला असता, तर १,२०५ ऐवजी १,०८० डॉलर लागले असते, याची चुटपुट मला अजून आहे. २०२०, २०२२ आणि २०२४ अशा तिन्ही वेळी ३० एप्रिललाच दर वाढले आहेत. हा क्रम पाहता दर दोन वर्षांनी एप्रिलअखेरीस आकडे बदलण्याची शक्यता धरून, भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरील दर पाहूनच पुढे जावे.

पैसे भरण्याच्या पानावर जोडीदाराच्या प्रायोजकत्वासाठी तेव्हा दोन पर्याय दिसत होते : आरपीआरएफसह १,२०५ डॉलर आणि आरपीआरएफशिवाय ६३० डॉलर. आमची खरी गोष्ट या दोन ओळींपाशी सुरू होते. ‘निकाल लागायच्या आधीच पावणेसहाशे डॉलर सरकारकडे कशाला अडकवून ठेवायचे?’ असे माझ्या मामेभावाने विचारले आणि मलाही ते पटले. आरपीआरएफ नंतर भरण्याची मुभा नियमातच असल्यामुळे त्यात काही गैरही नव्हते. मी ६३० डॉलर भरले, पावती घेतली आणि आपण फार व्यवहारी वागलो, अशा समाधानात दहा महिने काढले.

जून २०२५ मध्ये आरपीआरएफ भरण्यास सांगणारे पत्र ईमेलने आले आणि थेट स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडले. तीस दिवसांची मुदत होती. माझ्या नजरेस ते अठराव्या दिवशी पडले. त्याच संध्याकाळी पैसे भरून पावती पाठवली, त्यामुळे अनर्थ टळला. त्यानंतर पासपोर्ट मागवणारे पत्र येईपर्यंत आणखी सहा आठवडे गेले. ते सहा आठवडे पैसे उशिरा भरल्यामुळेच गेले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण हे शुल्क जमा झाल्याशिवाय स्थायी निवास दिला जात नाही, तेव्हा आधीचे अठरा दिवस तरी निव्वळ माझ्या हिशेबीपणाने खाल्ले, हे मान्य करायला हवे. दहा महिन्यांत ५७५ डॉलरवर बचत खात्यात मला जे व्याज मिळाले असेल, त्यात आम्हा दोघांचे एक वेळचे जेवणही झाले नसते.

शिवाय ज्या भीतीने मी पैसे रोखून धरले, ती भीतीही निराधार होती. अर्ज नाकारला गेला किंवा आपणच मागे घेतला, तर आरपीआरएफ परत मिळते. परत न मिळणारे पैसे आहेत ते प्रक्रियेचे (आमच्या वेळी ५४५ डॉलर) : एकदा काम सुरू झाले की गेले. म्हणजे जी रक्कम सुरक्षित होती ती मी हातात धरून बसले आणि जी बुडू शकत होती ती पहिल्याच दिवशी निमूटपणे भरली. आणखी एक बारीक मुद्दा असा की, मागाहून भरणाऱ्याला भरण्याच्या दिवशीचा दर लागू होतो. आमच्या मधल्या काळात दरवाढ झाली नाही, हे केवळ नशीब.

या आरपीआरएफचा इतिहास मी नंतर शोधला, तेव्हा राग थोडा निवळला. १९९५ च्या अर्थसंकल्पात हे शुल्क ९७५ डॉलर ठरवून लागू झाले होते आणि २००६ मध्ये ते निम्म्यावर, ४९० वर आणले गेले. त्या मानाने ५७५ बरे, असे स्वतःला समजावता येते. अवलंबून असलेल्या मुलांना हे शुल्क नसते, हेही लहान मुले असलेल्यांनी लक्षात ठेवावे.

प्रायोजकाच्या अर्जात एक प्रश्न वरवर साधा वाटतो, पण तो पैशांशी जोडलेला आहे : तुम्ही प्रायोजक म्हणून अपात्र ठरलात, तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालू ठेवायचा? मागे घ्यायचा असे लिहिल्यास प्रायोजकत्वाचे शुल्क (आमच्या वेळी ८५ डॉलर) वगळून बाकीचे शुल्क परत मिळते, मात्र अपिलाचा हक्क राहत नाही. पुढे चालू ठेवल्यास अपिलाची वाट खुली राहते आणि प्रक्रियेचे पैसे जातात. माझ्या पात्रतेबद्दल शंका नसल्यामुळे मी पहिला पर्याय निवडला. ज्यांची बाजू गुंतागुंतीची आहे, त्यांनी पाचशे डॉलरच्या मोहाने तो निवडू नये.

बायोमेट्रिक्सचे पैसे तरी मी भरतो, असा नवऱ्याचा आग्रह होता. त्याचे कार्ड तीन वेळा नाकारले गेले. दोष संकेतस्थळाचा असावा असे समजून आम्ही रात्रभर ब्राउझर बदलत बसलो. प्रत्यक्षात त्याच्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरूच केलेले नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवी कार्डे मुळात देशांतर्गत वापरापुरतीच चालू असतात आणि परदेशी वापर ग्राहकाला स्वतः सुरू करावा लागतो. ते केल्यावर दोन मिनिटांत काम झाले, पण चलनबदलाचे जादा शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून रक्कम अपेक्षेपेक्षा वाढली. निव्वळ काटकसरीच्या दृष्टीने सगळे शुल्क कॅनडातील कार्डाने भरणे सोयीचे. अर्थात प्रत्येक खर्चाकडे त्याच दृष्टीने पाहायचे नसते.

पैसे भरण्याचे संकेतस्थळ आणि अर्ज भरण्याचे पोर्टल ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. पैसे भरले म्हणजे ते अर्जाला आपोआप जोडले जात नाहीत; पावतीची पीडीएफ उतरवून ती पोर्टलवर चढवावी लागते. आमच्या दोन वेगळ्या पावत्या झाल्यामुळे मी त्या एकत्र करून एकच फाइल केली. एवढा भाग सोडला, तर भरणा करण्याची यंत्रणा स्वच्छ आहे आणि पावती लगेच हातात पडते.

सुरुवातीला आम्ही एका सल्लागाराकडेही गेलो होतो. त्याने ‘सरकारी शुल्क’ या एकाच ओळीत १,८०० डॉलर लिहून दिले होते. सगळे धरून १,२९० होतात, मग उरलेले ५१० कशाचे, असे विचारल्यावर त्याने विषय बदलला आणि आम्ही उठलो. सल्लागार घेऊ नये असे माझे म्हणणे नाही, परंतु सरकारी शुल्क आणि त्याचा मेहनताना या दोन ओळी वेगळ्या लिहून घ्याव्यात.

पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयातून ५०० रुपयांत मिळाले. वैद्यकीय तपासणीचे पैसे नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे रुपयांतच द्यावे लागले. किती पगार दाखवावा लागतो, हा सासरच्या मंडळींचा पहिला प्रश्न असे. पण केवळ जोडीदाराला प्रायोजित करताना सहसा किमान उत्पन्नाची अट नसते. तीन वर्षे त्याचा खर्च उचलण्याची हमी मात्र लिहून द्यावी लागते.

पहिल्या पीआर कार्डाला शुल्क नाही. मात्र स्थायी रहिवासी झाल्यापासून १८० दिवसांत पत्ता कळवला नाही, तर कार्डासाठी नव्याने अर्ज करून ५० डॉलर भरावे लागतात. या वेळी मी शहाणी झाले होते; नवरा विमानतळावरून घरी आला, त्याच रात्री त्याच्या बॅगा उघडण्याआधी आम्ही पत्ता भरला.