लाइनबॅकर घेताना कम्बाइनचे आकडे बघायचे का टेप?

दरवर्षी मार्च उजाडला की आमच्या लीगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉर्टीचे आकडे पडायला लागतात. फॉर्टी म्हणजे 40 यार्ड पळायला लागलेले सेकंद, आणि कम्बाइन म्हणजे एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) येऊ बघणाऱ्या कॉलेजच्या पोरांच्या चाचण्या. डायनॅस्टी फँटसी लीग आहे, म्हणजे खऱ्या प्लेयरांची कागदावरची टीम, पॉइंट त्यांच्या खेळावर आणि प्लेयर वर्षानुवर्षं आपल्याकडेच, डिफेन्सचे प्लेयरपण एकेकटे घ्यावे लागतात, त्यामुळे लाइनबॅकर (डिफेन्सच्या मधल्या फळीतला, बॉलवाल्याला पाडणं म्हणजे टॅकल करणं हे त्याचं काम) आमच्याकडे भाव खाऊन असतो. बारा जणांत आम्ही चार मराठी, सगळे एडिसनच्या आसपासचे, आणि यंदा एक नवीन पोरगा आलाय त्याने विचारलं की दादा, रूकी (पहिल्या वर्षाचा) लाइनबॅकर घेताना कम्बाइनच्या टेस्टिंगवर जायचं की कॉलेजच्या मॅचची टेप बघायची. फोनवर त्याला जे बडबडलो तेच इथे जरा नीट लिहितो. शटल, थ्री-कोन या वळत-वळत पळायच्या बाकीच्या चाचण्या, त्यात वेळ घालवत नाही.

आधी आकड्यांची बाजू, कारण तीपण खोटी नाही. 2012 च्या कम्बाइनमध्ये ल्यूक कीकली 4.58 पळाला, 38 इंच उडाला, ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तो) कॅरोलायनाने नवव्या नंबरवर उचलला आणि पुढच्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेयर. मँटाय टेओ उलटा, कॉलेजात हाइझमनच्या (सर्वोत्तम कॉलेज प्लेयरच्या अवॉर्डच्या) शर्यतीत दुसरा आलेला, कम्बाइनला 4.82 पळाला आणि दुसऱ्या राऊंडमध्ये 38 व्या नंबरला गेला, पुढे करिअरही बेताचंच झालं. आणि मुख्य म्हणजे चांगला आकडा आला की पिक (ड्राफ्टमधला नंबर) वर जातो, पिक वर गेला की पैसे जास्त आणि त्याहून जास्त मिळतो तो टीमचा धीर. आयझेया सिमन्स 4.39 पळाला होता, तेही 238 पाउंड वजन घेऊन, अ‍ॅरिझोनाने आठव्या नंबरला घेतला, मग त्याला सेफ्टी (सगळ्यात मागचा डिफेन्डर) करू का लाइनबॅकर ठेवू यातच तीन सीझन गेले आणि 2023 मध्ये सातव्या राऊंडच्या पिकवर जायंट्सला देऊन टाकला. पण बघा, तीन सीझन तरी मिळाले ना. पाचव्या राऊंडच्या पोराला कोण एवढं सांभाळून घेतं?

टेपवाल्यांचं आवडतं नाव म्हणजे व्हॉन्टेझ बर्फिक्ट. 5.09, हो, पाच पॉइंट शून्य नऊ, कोणी ड्राफ्टच केला नाही, आणि 2013 मध्ये सिनसिनाटीकडून खेळताना 171 टॅकल करून अख्ख्या लीगमध्ये पहिला. डॅरियस लेनर्डपण 4.70 वालाच, तोही रूकी वर्षातच टॅकलमध्ये पहिला. पण बर्फिक्टचं उदाहरण मी जरा जपूनच देतो, एक बर्फिक्ट निघतो तेव्हा तेवढ्याच संथ पळणारे बाकीचे कुठे गेले ते आपल्याला कळतही नाही.

म्हणजे इथपर्यंत बरोबरीच आहे. माझं पारडं कशाने झुकलं ते सांगतो, आणि ते कारण ऐकून हसाल.

2022 ला मी एक शीट बनवली होती. प्रत्येक ड्रिलला पॉइंट, शेवटी बेरीज, आणि बेरजेप्रमाणे लाइनबॅकरांची यादी, मोठ्या कौतुकाने ग्रुपवर टाकलेली. त्या वर्षी जॉर्जियाचे तीन लाइनबॅकर एकदम आले होते, क्वे वॉकर, नकोबी डीन आणि चॅनिंग टिंडल. टिंडल 4.47 पळाला, 42 इंच उडाला, माझ्या शीटमध्ये जवळपास सगळ्यात वर. आणि डीन, ज्याला आदल्याच सीझनला बटकस अवॉर्ड (कॉलेजच्या सर्वोत्तम लाइनबॅकरचं) मिळालेलं, तो खाली, पार तळाला. का, तर त्याच्या छातीचा स्नायू दुखावला होता म्हणून त्याने टेस्टिंग केलंच नाही, आणि रिकाम्या चौकटीला माझ्या शीटने शून्य मोजलं!

चूक माझीच, मान्य. पण टीमांनीही थोडंफार तेच केलं नाही का? वॉकर 22 व्या नंबरला गेला आणि डीन थेट तिसऱ्या राऊंडमध्ये 83 ला. आता एवढं घसरण्यामागे नुसतं न पळणं नव्हतं, दुखापतीची चर्चा होती, उंचीही जेमतेम 5 फूट 11, तरी पण. गंमत म्हणजे त्याच जानेवारीत जॉर्जियाने अलाबामाला 33-18 हरवून नॅशनल टायटल जिंकलं ते इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्येच, म्हणजे जिथे दोन महिन्यांनी कम्बाइन झालं तिथेच. त्या मॅचमध्ये डीन किती वेगाने बॉलपर्यंत पोचतो ते मी सोफ्यावर बसून बघितलं होतं आणि तरीही मे महिन्यात, दोघंही शिल्लक असताना, मी टिंडल घेतला. शीट म्हणाली म्हणून.

तेव्हापासून त्या रिकाम्या चौकटींचा मला राग आहे. पोरं हल्ली जे जमतं तेवढंच ड्रिल करतात, एजंटच सांगत असणार, आणि राहिलेलं प्रो डेला स्वतःच्या कॉलेजात, ओळखीच्या टर्फवर, हातातल्या स्टॉपवॉचवर. ते आकडे कम्बाइनच्या आकड्यांशेजारी ठेवायचे म्हणजे घरच्या काट्यावरचं वजन आणि डॉक्टरकडचं वजन एकत्र लिहिण्यासारखं. पुढे मोठा लाइनबॅकर झालेल्या बॉबी वॅग्नरला 2012 मध्ये न्यूमोनिया झाला म्हणून तो कम्बाइनला गेलाच नाही, तोही माझ्या शीटमध्ये शून्यच ठरला असता.

टेपमध्ये रिकामी चौकट नसते एवढं नक्की. मी काही स्काऊट नाही, आणि टीव्हीवरच्या फुटेजमध्ये सगळं दिसतही नाही, पण एका पोराच्या तीन मॅच घ्या आणि स्नॅपनंतरचे (बॉल खेळात आल्यानंतरचे) पहिले दोन सेकंद फक्त त्याच्या पायांकडे बघा. प्ले अ‍ॅक्शनला फसतो का (बॉल घेऊन पळायचं दाखवून पास टाकतात ते), गार्ड, म्हणजे समोरचा ब्लॉकर, अंगावर आला की कुठल्या बाजूने सुटतो, आणि थर्ड डाउनला, म्हणजे बहुतेक पासच येतो अशा तिसऱ्या प्रयत्नाला, कोच त्याला आत ठेवतो का बाहेर बसवतो. हे शेवटचं फार बोलकं आहे. टिंडल जॉर्जियातपण आत-बाहेर फिरवलाच जायचा, टेप बघितली असती तर तेव्हाच दिसलं असतं. मायामीने त्याला डिफेन्समध्ये फारसं उतरवलंच नाही.

डीन घेतला असता तरी लगेच सोनं मिळालं नसतं हेही सांगायला हवं. पहिलं वर्ष फिलाडेल्फियाच्या बेंचवर, दुसरं दुखापतीत, 2024 ला कुठे 128 टॅकल, आणि मग प्लेऑफमध्ये परत दुखापत, या वेळी गुडघ्याला. आणि ज्याने वॉकर घेतला होता त्याला तर पहिल्याच वर्षी 121 टॅकल मिळाले (दोनदा धक्काबुक्की करून मैदानाबाहेर काढला गेला तो भाग वेगळा), म्हणजे आकडेवाले म्हणतील बघा, आमचंच बरोबर. असेलही. तुमची लीग रूकीला पहिल्याच वर्षी वापरणारी असेल तर एनएफएलच्या पहिल्या राऊंडमध्ये गेलेला पोरगा घ्या, टीम त्याला खेळवणारच, तिथे टेपवर डोळे फोडून घेण्यात अर्थ नाही.

पण दुसऱ्या-तिसऱ्या राऊंडवाल्यांत निवडायचं असेल, आणि आपण बहुतेक वेळा तिथेच अडकतो, तर मी टेपवर जाईन. आकडे फक्त गाळणीला वापरतो. 4.75 च्या वर गेला तर टेप परत एकदा बघतो, त्याच्या आत असेल तर 4.47 आणि 4.62 मधल्या फरकासाठी झोप घालवत नाही, आणि आकडाच नसेल तर तो का नाही तेवढं वाचतो. नवीन पोराला शीट पाठवलीय, फॉर्टीचा कॉलम काढून. टिंडल माझ्याकडे दोन सीझन बेंचवर बसला होता, मग सोडला, बाराजणांत कोणी उचलला नाही.