थांबताना गिअर अडतो: आधी क्लच वायर की थेट प्लेटा?

थांबताना गिअर अडतो म्हणून मोटरसायकल गॅरेजला नेली की दोनपैकी एक सल्ला मिळतो. एक मिस्त्री म्हणतो, वायर बदला आणि घेऊन जा. दुसरा म्हणतो, प्लेटा गेल्या, क्लच उघडावा लागेल. दोन्ही कामांची आपापली वेळ असते. पण गाडी रत्नागिरी, गुहागर, मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात राहणारी असेल, तर आधी कुठल्या कामाला हात घालावा याबद्दल माझं मत आता बऱ्यापैकी ठरलेलं आहे.

त्याआधी एक चाळणी. इंजिन बंद, गाडी उभी आणि गिअर पटापट पडत नाहीत, हा बिघाड नव्हे. पेटीतली गिअरची चाकं कायम जोडीनेच फिरतात. सरकून अडकतात ते त्यांच्या बाजूचे जाड दात, समोरच्या खाचांत. शाफ्ट थांबलेला असताना खाचेऐवजी दातासमोर दात आला तर कितीही दाबा, पेटीतला गिअर सरकवणारा फोर्क पुढे सरकत नाही. गाडी वीतभर पुढेमागे हलवा, किंवा इंजिन चालू असेल तर क्लच किंचित सोडून परत दाबा, गिअर पडतो. म्हणून चौथ्यावरच थांबून मग पाय आपटत बसण्यापेक्षा चाक फिरत असतानाच एकेक उतरत यावं. एका दाबाला एक गिअर, आणि प्रत्येक वेळी पाय पूर्ण उचलायचा. लिव्हर मधल्या जागी परत आल्याशिवाय आतला खटका पुढचा गिअर पकडत नाही.

हे सांभाळूनही अडत असेल, तर तापलेल्या इंजिनावर बघा. चालू इंजिनात न्यूट्रल पडत नाही, पण चावी बंद करून गाडी जरा हलवली की लगेच पडतो? मग क्लच पूर्ण सुटत नाही आहे. खात्रीसाठी मेन स्टँडवर पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा. मागचं चाक थोडं फिरतंच, तेल ओढतं त्याला. मागचा ब्रेक हलका लावल्यावर ते थांबलं तर ठीक. इंजिन घुसमटू लागलं तर क्लच धरून ठेवतोय. इंजिन बंद करून, गाडी हलवूनही अडत असेल तर वायर आणि प्लेटा दोन्ही निर्दोष. गिअर लिव्हरच्या मुळाशी बसलेला तांबडा चिखल, गंजलेला सांधा, झिजलेले आटे आधी बघा.

आता वायर. आपल्याकडे ती तुटण्याआधी गंजते. पावसाचं पाणी वरून आत शिरतं आणि इंजिनाजवळच्या खालच्या टोकाला साचतं. दाभोळ-धोपाव्यासारख्या फेरीबोटीने रोज जाणाऱ्या गाड्यांना वर खारे तुषार. आतली तार जड चालायला लागते, दोन-चार तंतू क्लच लिव्हरमध्ये अडकणाऱ्या टोकाच्या गोळीपाशी तुटतात, आणि तुमच्या मुठीने दाबलेलं सगळं अंतर खाली इंजिनावरच्या क्लचच्या आर्मपर्यंत पोचत नाही. तेवढ्यानेच न्यूट्रल हरवतो. लिव्हरच्या बोल्टचं भोक लांबट झालं असेल तर तिथेही दोन-तीन मिलीमीटर वाया जातात, आणि हे बहुतेक जण बघतच नाहीत.

काम सोपं आहे. वरचा ॲडजस्टर पूर्ण आत घ्या, खालचे नट सैल करून मोकळीक (वायर ताणायच्या आधी लिव्हर रिकामा हलतो ते अंतर) खालून लावा, चेक नट आवळा, उरलेलं बारीक काम वरून. लिव्हरच्या टोकाशी बहुतेक गाड्यांना १० ते २० मिलीमीटर मोकळीक लागते. आपल्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून मोकळीक बदलत नाही ना, ते बघा. बदलली तर वायर चुकीच्या वाटेने गेली आहे. ॲडजस्टर शेवटाला आलेला असेल तर जुनीच ओढत बसू नका, नवी टाका. आयडलिंग वाढलेलं असेल तर तेही उतरवा. छोट्या गाड्यांना १४०० च्या आसपास पुरतं. सोबत तेलही पाहा. पुस्तिकेतल्यापेक्षा जाड तेल थंड इंजिनात प्लेटा चिकटवून ठेवतं.

क्लच उघडण्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. फक्त एक गैरसमज आधी दूर करतो: घासलेली प्लेट सहसा गिअर अडवत नाही, ती घसरते. कुंभार्लीच्या चढात इंजिन बोंबलतं आणि गाडी ओढत नाही, ते प्लेटांचं लक्षण. गिअर अडायला आत वेगळी कारणं असतात. घाटात तासन्‌तास हाफ क्लचवर चालवल्याने वाकलेल्या स्टीलच्या प्लेटा, किंवा हाउसिंगच्या, म्हणजे प्लेटा बसतात त्या डब्याच्या, बोटांवर पडलेल्या खाचा. फ्रिक्शन (घर्षणाच्या) प्लेटचे कडेचे कान त्या खाचांत अडकतात, मोकळे सरकत नाहीत. अशा हाउसिंगमध्ये नव्या प्लेटा टाकल्या तरी थोड्याच दिवसांत तक्रार परत. चाकरमान्यांची गणपतीनंतर थेट शिमग्याला निघणारी गाडी मात्र निराळी; तिच्या प्लेटा नुसत्या चिकटलेल्या असतात. इंजिन बंद ठेवून, गिअरमध्ये, क्लच दाबून पुढेमागे ढकलली की सुटतात. त्यासाठी क्लचचं कव्हर काढू देऊ नका.

कव्हर काढण्याचं मला नको वाटतं ते मुख्यतः कव्हर आणि इंजिनामधल्या पॅकिंगमुळे. खर्च जास्त येतो हे आहेच, पण तो एकदाच. जुनं कागदी पॅकिंग अर्धं इकडे, अर्धं तिकडे चिकटतं. मग ते स्क्रूड्रायव्हरने खरवडलं जातं आणि ॲल्युमिनियमच्या सपाट कडेवर चरे पडतात. जुन्या मॉडेलचं पॅकिंग छोट्या बाजारपेठेत लगेच मिळेलच असं नाही, मग नुसतं सिलिकॉन फासलं जातं. जास्तीचं सिलिकॉन आतून सुटून तेलाच्या जाळीवर जाऊन बसतं, आणि चऱ्यांतून तेल पाझरायला लागतं. थेंब पडण्याइतकं नाही, नुसतं ओलसर. त्यावर तांबडी धूळ बसते, पावसात तिचं लेपण होतं, आणि पँटचा उजवा पाय कायम डागाळलेला. वायरच्या कामात असलं काही मागे राहत नाही, आणि माझ्या अनुभवात गिअरची ही तक्रार बहुतेक वेळा वायर, लिव्हर आणि तेल एवढ्यावर मिटते. तुमच्या गाडीचं वेगळं असू शकतं, हे मान्य.

तरीही उघडायची वेळ आलीच, तर पॅकिंग हातात आल्याशिवाय गाडी देऊ नका. स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून बघायला सांगा, खालून ०.२ मिलीमीटरचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) गेला तर ती प्लेट साधारणपणे बाद. हाउसिंगची बोटं नखाने चाचपा. नुसती रेघ लागली तर हलकी कानस चालेल, नख अडकलं तर हाउसिंगच बदला. नव्या फ्रिक्शन प्लेटा आदल्या रात्री इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवा. स्प्रिंगचे बोल्ट बारीक असतात, आटे लगेच जातात. समोरासमोरचे थोडेथोडे आवळत यायचे. आणि कव्हर बसल्यावर वायरची मोकळीक पुन्हा लावून घ्या, नव्या प्लेटांनी ती बदलते.